वर्गात झोपलेली बाई

मास्क लावून झोपण्याचा माझा हा आठवा महिना आहे. सुरुवातीलाच सांगून टाकते, तो मला अजूनही आवडत नाही. ज्यांच्या घरी हे मशीन नुकतंच आलं आहे आणि जे पलंगाच्या काठावर बसून त्याच्याकडे वैऱ्यासारखं पाहत आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मला त्या दिवसांत जे वाचायला मिळालं, त्यात सगळे लोक दुसऱ्याच सकाळी ताजेतवाने होऊन उठत होते. मी उठले नाही. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दोन शिक्षकांची शाळा, पहिली ते चौथी. घर दवनीवाड्याला आणि शाळा पाच किलोमीटरवरच्या एका लहान गावात. घरी आम्ही तिघं. मी, आमचे हे आणि सासूबाई. हे राइस मिलमध्ये मशीनवर असतात. मुलगी नागपूरला शिकते. वय माझं सेहेचाळीस.

मी घोरते, हे मला माहीत होतं. पण ते आमच्या घरात कुणी बोलत नसे. माणूस घोरला तर दमला म्हणतात, बाई घोरली तर हसतात. आठेक वर्षांपूर्वी ह्यांनी आपली बाज बाहेरच्या खोलीत नेली. कारण सांगितलं, मिलची पाळी असते, तुझी झोपमोड नको. मीही मान डोलावली. खरं कारण दोघांनाही ठाऊक होतं. आतल्या खोलीत मी आणि सासूबाई, दोन बाजांमध्ये हातभर अंतर.

सासूबाईंजवळ काठी असायची. रात्री त्या ती काठी माझ्या बाजेच्या पायावर मारायच्या. ठक ठक. मी दचकून उठायचे, कूस बदलायचे आणि मनातल्या मनात त्यांना बोलायचे. एवढी वर्षं मी त्यांचं केलं, आणि त्यांना माझं घोरणंही सहन होत नाही.

सकाळी डोकं जड असायचं. चहावर चहा प्यायचे. एकदा शाळेतून येताना स्कूटी सरळ रस्त्यावरून धानाच्या बांधीत गेली. चिखल होता म्हणून वाचले. लोकांना सांगितलं, कुत्रं आडवं आलं. कुत्रं नव्हतंच.

ऑगस्टमधली ती दुपार

त्या दिवशी मुख्याध्यापक सर केंद्रावर मीटिंगला गेले होते. चारही वर्ग माझ्याकडे. खिचडी झाली, तिसरी-चौथीला गणितं दिली आणि पहिली-दुसरीला पाटीवर अक्षरं गिरवायला सांगून मी खुर्चीत बसले. बसले एवढं आठवतं. डोळा लागला असं मी म्हणणार नाही, डोळा लागणं वेगळं असतं. कुणी विहिरीत ढकलून द्यावं तशी मी खाली गेले.

उठवलं ते खिचडी करणाऱ्या कमलाबाईने. तिने खांदा धरून हलवला.

"मॅडम, उठा जी. साक्षी बोडीवर होती."

शाळेच्या मागे बोडी आहे, शेताला पाणी द्यायचं लहान तळं. ऑगस्टात ती काठोकाठ असते. कमलाबाई मागच्या बाजूला भांडी घासत होती म्हणून तिला पहिलीतली साक्षी दिसली. कमरेपर्यंत पाण्यात. दारात ती ओल्या फ्रॉकने उभी होती, एक चप्पल पाण्यात राहिली होती. रडत नव्हती. माझ्याकडे पाहत होती, जणू आता मी काय करते ते तिला बघायचं होतं.

तिच्या मागे तिचा काका मनोज उभा होता. ट्रकवर ड्रायव्हर आहे, तेव्हा गावी आला होता. साक्षीला न्यायला आला, तेव्हा मी खुर्चीत झोपलेली. त्याने मला उठवलं नाही. मोबाइल काढला.

संध्याकाळी मी घरी पोचायच्या आत तो व्हिडिओ आजूबाजूच्या गावांतल्या सगळ्या ग्रुपवर गेला होता. खाली लिहिलं होतं, 'सरकारी पगार, खुर्चीत बिस्तर'.

व्हिडिओ

हे मिलमधून आले, चप्पलही काढली नाही. फोन माझ्यासमोर धरला. "हे काय आहे?"

मी पाहिला. स्वतःला झोपलेलं कुणी कधी पाहत नाही. तोंड उघडं, मान एका बाजूला, पदर सुटलेला. आणि तो आवाज. पोरं हसत होती. मला वाटलं, आत्ता जमीन फाटावी. ह्यांनी फोन मागे घ्यायला हात केला, पण मी सोडला नाही. कारण पुढे आवाज बंद झाला. मी घोरायची थांबले आणि माझी छाती हलायचीही थांबली. पोरं अजून हसत होती. मग हळूहळू त्यांचं हसणं थांबलं. एका पोराचा आवाज आला, "मॅडम मेली का बे?" मग एकदम बुडालेल्या माणसाने डोकं वर काढावं तसा मी श्वास ओढला, अंग हललं, आणि पुन्हा घोरणं सुरू.

सासूबाई बाजेवर बसून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "हेच. रोज असंच होते इले."

"काय होते, आई?" ह्यांनी विचारलं.

"दम थांबते. मी मोजतो ना. वीसवरी मोजतो. वीस झाले का काठी मारतो."

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. "तुमी मले कधी सांगतलं नाई."

"कायले सांगू? तू सकाळी उठली का तोंड फुगवून राहते. मले वाटे, माहीत असन तुले."

माझ्या सासूबाई सत्तर पार केलेल्या, गुडघ्यांनी हैराण. त्या अंधारात पडून आकडे मोजत होत्या, आणि मी त्यांना मनातल्या मनात शिव्या देत होते. किती वर्षं, हे मी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

गोंदियाचे डॉक्टर

तीन दिवसांनी 'कारणे दाखवा' नोटीस आली. उत्तराला मुदत होती. मुख्याध्यापक सर चांगले माणूस, पण तेही म्हणाले, "मॅडम, लिहून टाका, तब्येत बरी नव्हती. कुठलंही सर्टिफिकेट लावा." खोटं सर्टिफिकेट लावायचं नव्हतं. शिवाय खरं सांगायचं तर तोपर्यंत मी घाबरले होते. ती नोकरीची भीती नव्हती. व्हिडिओतली ती थांबलेली छाती डोळ्यांसमोरून जात नव्हती.

गोंदियाला छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर हिंदीत बोलतात. मी सगळं सांगायला लागले तर शब्दच नीट येईनात. शेवटी ह्यांनी फोन पुढे केला. डॉक्टरांनी तो व्हिडिओ दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा पाहताना घड्याळ लावलं.

"ये किसने निकाला?"

"एका पालकाने," मी म्हटलं. "मला बदनाम करायला."

"किया होगा. लेकिन काम का है. घरवाले आके बोलते हैं, खर्राटे आते हैं. साँस रुकती है, ये कोई दिखाता नहीं."

नागपूरला एका रात्रीची तपासणी झाली. डोक्याला, पायाला वायरी, छातीला पट्टे, बोटाला चिमटा. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, नेहमीसारख्या झोपा. मी मनात म्हटलं, नेहमीसारखी झोपले म्हणून तर इथे आले.

रिपोर्ट घेऊन पुन्हा गोंदियाला. डॉक्टरांनी साध्या शब्दांत सांगितलं. झोपेत घशाची वाट बंद होते, श्वास अडतो, मेंदू घाबरून जागं करतो, पुन्हा तेच. रात्रभर. म्हणजे मी झोपत होते असं मला वाटत होतं, पण झोप होतच नव्हती.

मला रडू आलं. सुटल्यासारखं वाटलं. मी आळशी नाही, मी आजारी आहे. मी विचारलं, "म्हणजे त्या दिवशी माझी चूक नव्हती ना?"

डॉक्टर कागदावर लिहीत होते, लिहायचे थांबले. "उस दिन पता नहीं था. अब पता है. मशीन नहीं लगाओगे और फिर सो जाओगे, तो बीमारी का नाम मत लेना."

तेव्हा मला त्यांचा राग आला होता.

पहिले पंधरा दिवस

मशीन लहान असतं, डब्याएवढं. त्यात शुद्ध पाणी भरायचं. एक लांब नळी, तिच्या टोकाला नाकावर बसणारा मास्क, मागे पट्टे. मशीन हवा ढकलतं, त्या दाबाने घसा उघडा राहतो. सांगणारा पाच मिनिटांत सांगून जातो.

पहिल्या रात्री मी मास्क लावला, सासूबाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "हत्तीची सोंड." मी हसले. हसायला तोंड उघडलं तर नाकातून गेलेली हवा तोंडातून सुसाट बाहेर आली आणि मला वाटलं, मी फुटले. मास्क ओढून काढला. त्या रात्री चारदा लावला, चारदा काढला.

दुसऱ्या रात्री पोटात हवा गेली. सकाळी शाळेत ढेकरावर ढेकर. तिसऱ्या रात्री अंबाडा आडवा आला, पट्टा बसेना, म्हणून वेणी घातली. चौथ्या रात्री मास्कच्या कडेने हवा गळून डोळ्यांत जायला लागली. ह्यांना मशीनचं फार कळतं. मिलमध्ये पट्टा सैल झाला की आवाजावरून ओळखतात. ते उठून आले आणि पट्टे आवळले. सकाळी नाकाच्या हाडावर लाल चट्टा. दुसऱ्या दिवशी पुन्हा आवळले. कातडी सोलली.

"तुम्ही हात लावू नका ना त्याला."

"मग हवा गळते ना. गळती असन तर मशीन काय करन?"

"मी मशीन नाही."

ते उठले आणि बाहेरच्या खोलीत गेले. माझं खरं होतं, त्यांचंही खरं होतं. त्यांना माझ्यासाठी काहीतरी करायचं होतं आणि त्यांना येतं ते एवढंच.

मग एका रात्री वादळ आलं आणि लाइट गेली. मशीन बंद. झोपेत मला कळलंच नाही. नाकावर घट्ट रबर आणि आत हवा नाही. कुणीतरी तोंड दाबून धरलंय असं वाटून मी उठले, मास्क सुटेना, नळी हाताला गुंडाळली. सासूबाईंनी अंधारात माझे हात धरले. "थांब, थांब वो. मी काढतो." त्यांनीच पट्टा सोडवला. नंतर मला कळलं की मास्कला श्वासासाठी भोकं असतात, जीव जात नाही. पण ते डोक्याला कळतं, छातीला कळत नाही.

त्यानंतर मी मास्क लावणं सोडलं. सगळ्यांना सांगितलं, लावते. सासूबाई झोपेपर्यंत लावायचे, मग हळूच काढून उशीखाली. मशीन तसंच चालू ठेवायचे, आवाज येत राहावा म्हणून. बारा दिवस हे चाललं. वर्गात मी उभ्यानेच शिकवायचे, बसायची भीती वाटे. पायाला चिमटे काढायचे. खिडकीतून बोडी दिसते. मी तासातासाला पोरं मोजायचे. एकोणीस. पुन्हा मोजायचे. एकोणीस. डोक्यात दुसरं काही राहतच नव्हतं.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी मशीनमधलं छोटं कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं. मला माहीत नव्हतं की ते सगळं लिहून ठेवतं. त्यांनी स्क्रीन ह्यांच्याकडे फिरवली. मास्क कधी चेहऱ्यावर होता आणि कधी हवा नुसती खोलीत जात होती, सगळं.

परत येताना ह्यांनी कामठ्याच्या फाट्यावर गाडी थांबवली. मला वाटलं, आता बोलतील. ते म्हणाले, "मले वाटलं होतं, आई दम मोजून थकली असन, आता तिले झोप लागन." एवढंच. मग गाडी सुरू केली.

ह्याच्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं.

दिवाळीची सुट्टी

मशीन देणाऱ्या कंपनीकडून एक बाई फोनवर बोलायच्या. त्यांनी सांगितलं ते सगळ्यांनी लिहून ठेवावं असं आहे. रात्रीचं सोडा, दिवसा लावा. झोपायचं नाही, नुसतं लावून बसायचं. पहिल्या दिवशी दहा मिनिटं. काहीतरी करत बसा. श्वासाकडे लक्ष देऊ नका. मास्कही बदलून दिला, नाकपुडीला नुसता टेकणारा, हलका.

दिवाळीची सुट्टी होती. ओसरीत बोर्ड आहे, तिथे मशीन लावलं आणि लसूण सोलत बसले. शेजारची बाई विळा मागायला आली आणि दारातच थबकली.

"काय झालं जी मॅडमले?"

मला बोलता येत नव्हतं, तोंड उघडलं की हवा निघते. सासूबाई म्हणाल्या, "विमान चालवून राहिली. बस, तुलेबी नेते."

ती गेली आणि तासाभरात आणखी दोघी आल्या. काही ना काही मागायला. मी लसूण सोलत राहिले. पहिल्या दिवशी लाजेने कान तापले होते. तिसऱ्या दिवशी त्यांचं पाहून झालं होतं आणि माझं दाखवून झालं होतं.

पण शांत झाले असं नाही. दहा मिनिटं झाली की अंगात मुंग्या यायच्या. उठावं, चालावं, काढून फेकावं. मी लसणाच्या पाकळ्या मोजायचे, परसात कोण गेलं ते बघायचे. एकदा अर्धा तास झाला. एकदा पाच मिनिटांतच काढला आणि चिडून आत गेले. सासूबाई म्हणाल्या, "काऊन वं, उडालं नाई का आज?"

आठव्या की नवव्या दिवशी, दुपारी, भिंतीला टेकून बसले होते. डोळे उघडले तेव्हा ऊन ओसरीतून अंगणात गेलं होतं. लसूण सोलायचं सूप कुणीतरी उचलून ठेवलं होतं. सासूबाई समोर बसल्या होत्या, काठी मांडीवर आडवी.

"किती वेळ झाला?"

"दोन तास झाले असन."

"काठी मारली?"

"नाई," त्या म्हणाल्या. "मोजाचंच काम नाई पडलं."

त्या दुपारी मला भाजीचा वास आला. म्हणजे वास रोजच येतो, पण तो आहे हे कळलं. फार मोठं काही नाही. दुसऱ्या रात्री पुन्हा मी दीड तासात मास्क काढला. पण आता मला ठाऊक होतं की पलीकडे काहीतरी आहे.

साक्षीचं घर

नोटिशीला मी खरं उत्तर दिलं, सोबत रिपोर्ट जोडला. लेखी ताकीद मिळाली, नोकरी राहिली. पण साक्षी शाळेत येईना. नाव दुसऱ्या गावच्या शाळेत घालायचं चाललं आहे असं कानावर आलं. मी तिच्या घरी गेले. तिची आई धानाच्या कापणीवरून नुकतीच आली होती, पाय धूत होती. बसा म्हणाली नाही.

मी म्हटलं, "माझ्यामुळे झालं. मला माफी मागायची होती."

"तुमी बिमार होत्या म्हनून सांगतलं सरनं," ती म्हणाली. "असन. पण माही पोट्टी पाण्यात होती, मॅडम. बिमारी तुमची होती, पाण्यात ते होती."

मी मान खाली घातली. मी एवढंच सांगितलं की आता मी उपचार घेते आहे, आणि सरांना सांगून मधल्या सुट्टीनंतर चारही वर्ग एकत्र बसवतो, म्हणजे दोघं असतो. ती ऐकत होती की नाही, कळलं नाही. साक्षी दारामागून पाहत होती.

चार दिवसांनी ती शाळेत आली. तिच्या आईने मला माफ केलं असं मी समजत नाही. गावात दुसरी शाळा नाही, हेही एक कारण आहे.

मनोज

जानेवारीत एका रविवारी सकाळी मनोज आमच्या दारात आला. ह्यांनी त्याला ओळखलं आणि त्यांचा चेहराच बदलला. मी म्हटलं, येऊ द्या.

तो ओसरीत बसला. पाणी दिलं, ते प्यायला नाही. बराच वेळ मोबाइल हातात फिरवत राहिला.

"मॅडम, ते मशीन कोनतं हाय जी?"

"कुणासाठी?"

"मले. माह्या बायकोनं सांगतलं, तुमच्यासारखंच होते म्हने मले. दम थांबते." मग हळू आवाजात म्हणाला, "सडक अर्जुनीच्या पुढं, जंगलात, मागच्या आठवड्यात माहा डोळा लागला. गाडी लाइनच्या बाहेर गेली. क्लिनर ओरडला म्हनून वाचलो."

मला दया आली असं लिहायला हवं. तसं झालं नाही. मला आधी राग आला. मी म्हटलं, "तेव्हा उठवलं असतं मला. एक हाक मारली असती."

तो खाली पाहत होता. "मी व्हिडिओ काढून राहिलो होतो, तवा साक्षी पाण्यात होती," तो म्हणाला. "हे मी घरी सांगतलं नाई अजून."

सासूबाई आतून उठून आल्या आणि त्याच्या समोरचं पाणी काढून चहा ठेवला.

मी डॉक्टरांचं नाव-पत्ता लिहून दिला. मशीन आणून दाखवलं, मास्क कसा धरायचा ते दाखवलं. त्याने नाकाला लावून पाहिला आणि लगेच काढला. "असं वाटते कोनी दाबून राह्यलं," तो म्हणाला. मी म्हटलं, "हो. तसंच वाटतं. पंधरा दिवस तसंच वाटेल."

"गाडी कधी न्यायची आहे?" ह्यांनी विचारलं.

"आज सांजेले. रायपूर."

"नेऊ नका."

"नेवाच लागते, भाऊ. मालक दुसरा ठेवते नाईतर."

हे उठले, शर्ट घातला आणि त्याच्यासोबत ट्रकच्या मालकाकडे गेले. तिथे काय बोलले, मला अजून पूर्ण माहीत नाही. त्या संध्याकाळी गाडी दुसरा ड्रायव्हर घेऊन गेला. मनोजची तपासणी झाली, मशीन आलं. ड्रायव्हरी तीन महिने बंद राहिली आणि त्या मालकाने त्याला परत घेतलं नाही. आता तो दुसऱ्याकडे गाडी चालवतो, मशीन सोबत घेऊन. साक्षीच्या आईला त्याने ती गोष्ट सांगितली की नाही, मी विचारलं नाही.

आता

आता साधारण पाच तास मास्क राहतो. काही रात्री तीन. सर्दी झाली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. नाकाच्या हाडावर एक फिकट डाग राहिला आहे. वर्गात बसून शिकवते, पण पोरं अजूनही मोजते. ती सवय गेली नाही, आणि जावी असंही वाटत नाही. ह्यांची बाज बाहेरच्या खोलीतच आहे. अधूनमधून म्हणतात, आणू का आत? मी म्हणते, थांबा थोडं. सासूबाई मात्र घोरायला लागल्या आहेत. एवढी वर्षं जागरणामुळे त्यांना तेवढी गाढ झोपच लागत नसावी.

मागच्या महिन्यात माझ्या भावाच्या मुलीचं लग्न होतं. लग्नाला मी कुठेही मुक्काम करत नसे. दहा वर्षांत एकदाही नाही. हळद लागली की काही कारण काढून परत यायचे. बायकांच्या ओळीत झोपायचं म्हणजे सकाळी सगळ्यांच्या हसण्याचा विषय व्हायचं. ह्या वेळी वहिनी म्हणाली, "ताई, राहाल का जी?" मी हो म्हणून बसले.

समाजभवनात सतरंज्या टाकल्या होत्या. मी आधी भिंतीवर प्लग शोधला. एकच होता, त्याला कुणाचा तरी फोन लावलेला. मी म्हटलं, मला हा लागेल. का, ते सांगावं लागलं. वीस-पंचवीस बायकांसमोर, उभं राहून, मेंदीचे हात वर धरून सगळ्या ऐकत असताना. मी वर्गात सांगते तसं सांगितलं. एका म्हातारीने विचारलं, "दुखते का?" मी म्हटलं, "नाही. त्रास होतो, पण दुखत नाही."

मास्क लावला, भिंतीकडे तोंड केलं. बराच वेळ झोप आली नाही. मागे कुणी हसतंय का ऐकत होते. कुणीतरी हळू आवाजात आपल्या बहिणीविषयी बोलत होतं, की तिलाही असंच होतं आणि नवरा तिला माहेरी पाठवून देतो. मी उठून बोलणार होते. सकाळी बोलू म्हटलं.

जाग आली तेव्हा स्वयंपाकाच्या मोठ्या पातेल्यांचा आवाज येत होता आणि बाजूची सतरंजी रिकामी होती. मास्क चेहऱ्यावरच होता. पायाशी एक बाई माझ्याकडे पाहत बसली होती, मी उठायची वाट बघत. ओळखीची नव्हती.

"मॅडम," ती म्हणाली, "रात्री मीच बोलून राहिली होती. माही बहीण कामठ्याले असते. तिले कुठं नेऊ?"

मी मास्क काढला, केस मागे घेतले आणि तिला जवळ बसायला सांगितलं.